सगळ्यांचं सगळ्यांशी

ल्युब्लियानाला तीन दिवस. बस साडेसातची.
पलंगावर कपडे मांडलेत मी,
आणि बाहेर बोरा वारा शटर बडवतोय
थकलेलं भाडं मागायला आल्यासारखा.

त्रिएस्तेच्या ऑपेरात चोवीस वर्षं
कोरसचे कपडे सांभाळले मी.
पहिल्या अंकातल्या कोळिणी
दुसऱ्या अंकात राजवाड्यातल्या दासी व्हायच्या
नुसती शाल उलटी करून. अस्तर सोनेरी असायचं.
चाळीस बायका, दीड मिनिट,
आणि अंधारात तोंडात टाचण्या धरलेली मी.
तेव्हा बॅग भरायला मला कुणी शिकवू नये.

आईचा नियम एकच होता:
पिशवीत त्यालाच घ्यायचं
ज्याचं बाकी सगळ्यांशी पटतं.
गडद निळा जर्सीचा झगा, चुरगळणं ज्याला माहीत नाही.
राखाडी पँट.
पुरुषी पांढरा शर्ट,
झग्यावर उघडा टाकला की जाकीट,
गळ्यापर्यंत बटणं लावली की नोटरीसमोर बसायला लायक
(मंगळवारी, अकरा वाजता, आईच्या घराच्या कागदांवर).
मोहरीच्या रंगाचा एक रेशमी रुमाल:
गळ्यात, केसांत, कमरेला,
अगदीच वेळ आली तर डोळ्यांना.
बूट एकच जोडी, पायातली.
कोट अंगावर. अंगावरच्याला वजन नसतं.

लाल स्वेटर तीनदा आत गेला, तीनदा बाहेर आला.
देखणा आहे मेला,
पण कुणाशी म्हणून पटत नाही त्याचं.
माझी बहीण नेरीना तशी आहे, असं मी अकरा वर्षं
भेटेल त्याला सांगत आलेय.
ती तिकडे रिएकात माझ्याबद्दल काय सांगते
तेही माझ्या कानावर आहे.

भांड्याला भांडं लागतंच, म्हणतात.
कपड्याला कपडा लागला तर आवाज होत नाही,
नुसती घडी पडते.
आणि फार दिवस कुणी उलगडलं नाही
तर कापड नेमकं त्या घडीवरच विरतं.

हॉटेलात एकच खोली शिल्लक होती.
कपाटही एक, सहा हँगरचं.
तिने बॅग उघडली. माझ्याहून लहान (अर्थात).
गडद निळा. राखाडी. पांढरा, पुरुषी.
रुमाल तेवढा वेगळा, बाटलीच्या काचेसारखा हिरवा.
एकच भूमिका दोघींना दिली गेल्यासारख्या
आम्ही कपाटासमोर उभ्या.
मग ती म्हणाली, "बूट?"
मी पाय पुढे केला.
तिनेही.

हसलो का, ते सांगत नाही.
नोटरी मात्र गोंधळला.
सही घेताना त्याने मला तिच्या नावाने हाक मारली
आणि तिला माझ्या.
आम्ही दोघीही, जन्मात पहिल्यांदा,
समोरच्याची चूक काढायच्या भानगडीत पडलो नाही.
संध्याकाळी नदीकाठी जेवायला जाताना
हिरवा रुमाल माझ्या गळ्यात होता.
कुणी दिला, कुणी मागितला, आठवत नाही.
त्या निळ्यावर तो मोहरीपेक्षा शोभतो,
हे मला मान्य करावं लागलं. मनात.

काल घरी येऊन पिशवी रिकामी केली.
राखाडी पँट कमरेला लावून पाहिली: इंचभर लांब.
नेरीना उंच. लहानपणापासून.
माझ्या रागांतला तोही एक राग.
सुईत दोरा ओवून ठेवलाय कालपासून.
दुमडून टाकावी, की पोस्टाने धाडावी,
की स्वतःच नेऊन द्यावी,
आणि माझी तिच्याकडे घोट्याच्या वर राहत असेल
ती बघावी एकदा.

लाल स्वेटर अजून पलंगावरच आहे, हात पसरून.
वारा पडलाय.
तोवर घरात तिचीच पँट घालून वावरते.
टाचेखाली येते,
स्वयंपाकघरात जाताना दर वेळी अडखळते मी.